बर्ड्सव्हिल ते माउंट आयझा

"विमान उडालं, अम्मी! इक्रा आहे त्यात. मी आता गाडीनं निघतोय!"

फोनवर जावई फहाद ओरडत होता. त्याच्या आवाजामागे वारा नुसता भणभणत होता. आतिका आखातातल्या हिद्द गावी आपल्या स्वयंपाकघरात उभी होती. हात घावनांच्या पिठानं माखलेले.

फहाद ऑस्ट्रेलियाच्या त्या ओसाड पोटात, बर्ड्सव्हिल नावाच्या गावी, रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता. आतिकाच्या लेकीला, इक्राला, महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. गावात बाळंतपणाची सोय नाही, म्हणून डॉक्टरांचं छोटं विमान तिला माउंट आयझाच्या हॉस्पिटलात घेऊन निघालं होतं.

"अरे, मग तू का नाय बसलास तिच्यासोबत?"

"दुसऱ्या स्ट्रेचरवर एक म्हातारा पेशंट होता, जागाच उरली नाय. अम्मी, आता रेंज जाईल. बुलिया गाव आलं की फोन क—"

आवाज तुटला.

शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे नवरा ताहिर घरीच होता. त्यानं टॅबवर नकाशा उघडला. "रस्त्यानं सातशे किलोमीटर. विमान तास-सव्वा तासात पोचेल. फहादचा अख्खा दिवस जाणार."

"सातशे?" आतिका धपकन खुर्चीत बसली. "हिद्दहून इथल्या इथे सनाबिसला जायचं तरी आपण आदल्या दिवसापासून ठरवतो!"

"मधे काहीच नाय गो. लाल माती नि एक रेघ."

त्या रेघेवर ती बोट ठेवून बसली. पोरगी वर, जावई खाली, मधे फोनसुद्धा लागत नाही. तिला रडू येत होतं आणि मधेच हसूही फुटत होतं. तव्यावरचं घावन करपलं तेव्हा ताहिरनंच उठून गॅस बंद केला.

सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. इक्रा! आवाज दमलेला, पण आत नुसता आनंद उसळत होता. "अम्मी, मुलगी! चिमुकली आहे, पण ओरडते बघ कशी! ऐक."

आतिकानं ऐकलं. ताहिरनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तोही ऐकत राहिला.

"फहादचा फोन लागत नाय," इक्रा घाईनं म्हणाली. "माझी बॅटरी संपतेय. त्याचा आला तर तूच सांग."

मग तासभर आतिका फोन हातात धरून घरभर फिरत राहिली. जगात एवढी मोठी बातमी, आणि ज्याची आहे त्यालाच माहीत नाही!

फोन आला. "अम्मी, बुलियाला पोचलो! इक्राचा फोन बंद येतोय. काही कळलं का? अजून तीनशे किलोमीटर आहेत, मी सुसाट—"

"फहाद, गाडी चालू आहे?"

"नाय, पंपावर उभी आहे. का?"

"मुलगी झाली. दोघी छान आहेत."

पलीकडे एकदम हॉर्न वाजला. वाजला तो थांबेचना. त्या सुनसान गावात तो हॉर्न दाबून बसला होता आणि इकडे ताहिर कानांवर हात ठेवून खो खो हसत होता.

"अम्मी, मी निघतो! दोन तासांत पोचतो बघा, उडवतो गाडी!"

"अजिबात नाय." आतिकानं डोळे पुसले. "सावकाश ये. ती पोचलीय."