पाच म्हणजे पाच

सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षं जपलेली बाग काँक्रीटखाली गाडली गेली. छे, असं काही ठरलंच नव्हतं. सासूबाई गावाहून परतण्याआधी गुलाबांच्या वाफ्याला दगडांची किनार लावायची, एवढंच जावईबापूंनी मनावर घेतलं. लांबी चाळीस फूट, रुंदी अर्धा, खोली पाव. म्हणजे दगडांखाली काँक्रीट पाच घनफूट. हिशेब चोख होता. त्यांनी काँक्रीटवाल्याला फोन लावला. “पाच पाठवा.” “पाच ब्रास?” “पाच म्हणजे पाच! आंघोळीला चाललोय, वाफ्याशी ओतून जा.” ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे त्यांना टॉवेल गुंडाळून बाहेर आल्यावर कळलं. काँक्रीटमधून फक्त झारीची तोटी दिसत होती. सासरे थिजून म्हणाले, “कडेला दगड बसवणार होतात, बागच बसवलीत!” तेवढ्यात रिक्षातून सासूबाई उतरल्या. जावईबापूंनी हात जोडले: “सदर बागेत पुन्हा फुले येईपर्यंत संबंधितांनी डोळे मिटून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.”