मान वर न करता

"नाव?" बाईंनी मान वर न करताच विचारलं आणि समोरून आलं ते लिहून घेतलं.

विवाह नोंदणीच्या त्या खोलीत टेबलं तीन होती आणि माणूस एक. एका टेबलावरचे कारकून निवृत्त झाले, दुसऱ्यावरच्यांना वरच्या मजल्यावर ओढून नेलं आणि दोघांचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. वऱ्हाडांची रांग जिन्यापर्यंत. मान वर करायची म्हणजे एक जोडपं मागे पडायचं, म्हणून बाईंनी मान वर करणंच सोडलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी नवरीच्या बापालाच नवरा समजून सही करायला लावली. तक्रार झाली. आज मोठे साहेब फाइलीत बाईंच्या बदलीचा आदेश घेऊन मागे येऊन बसले होते. त्यावर सही तेवढी बाकी होती.

"आधी काम बघतो," एवढंच ते म्हणाले. या वयात घरदार सोडून परगावी बिऱ्हाड करायचं बाईंच्या अगदी जिवावर आलं होतं.

पुढचं जोडपं आत आलं. नवरा-नवरीला फोटोवाल्याने उजेडासाठी खिडकीपाशी ओढलं. टेबलासमोर उरले ते साक्षीदार म्हणून आलेले दोघे: नवरीची मैत्रीण आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ.

"तुम्ही या गृहस्थांचा पती म्हणून स्वीकार करता?" बाईंनी कागदाकडे बघत विचारलं.

मैत्रिणीने एकदा धाकट्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. चांगलं खणखणीत म्हणाली.

"आणि तुम्ही यांचा, पत्नी म्हणून?"

धाकट्याच्या हातातलं पेन खाली पडलं. "हो. म्हणजे... हो!"

"अभिनंदन. इथे सह्या करा."

"अगं ए!" खिडकीजवळून नवरी ओरडली. "लग्न माझं आहे!"

सगळी खोली खो खो हसायला लागली. बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. मागे खुर्ची वाजली. साहेब उठले होते.

"माफ करा हं," बाई घाईघाईने मैत्रिणीला म्हणाल्या. "मी चुकून तुम्हालाच विचारलं."

"प्रश्न चुकला असेल, बाई." ती लाजेने लाल झाली होती, पण मागे हटली नाही. "उत्तर नाही चुकलं."

नवऱ्याच्या आईने धाकट्याचा कान धरला. "मेल्या, तुझ्यासाठी स्थळं बघून माझ्या चपला झिजल्या आणि तू मूग गिळून बसलास?" मग डोळे पुसत तिने त्या मैत्रिणीला जवळ घेतलं. तिला मनापासून आनंद झाला होता.

साहेब टेबलापाशी आले. हसून हसून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी जिन्यापर्यंतची रांग पाहिली, शेजारच्या खुर्चीवरचा फाइलींचा ढीग खाली ठेवला आणि स्वतःच तिथे बसले.

"अर्धे इकडे पाठवा. एवढं काय अवघड आहे त्यात?"

बाईंनी या वेळी चारही चेहरे नीट बघून खरं लग्न लावलं.

साहेबांची सुरुवात ऐटीत झाली. मग कॉलर सैल झाली, बाह्या वर गेल्या, आणि दुपार कलायच्या आत मानही खाली गेली. टेबलासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"तुम्ही यांचा पत्नी म्हणून स्वीकार करता?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी शिपाई. माझं झालंय. चहा आणलाय."

बाईंनी कागदांत डोकं खुपसलं, पण त्यांचे खांदे गदगदत होते. साहेबांनी कप घेतला आणि ठेवायला जागा शोधली. जागा कुठेच नव्हती. शेवटी त्यांनी फाइलीतून बदलीचा आदेश काढला, टेबलावर पसरला आणि कप त्याच्यावर ठेवला.

उचलला, तेव्हा सहीच्या जागेवर चहाचा गोल शिक्का उमटला होता.