कडेची जागा

"फादर, ह्या फोटोत आहे काय?"

ताईने मोबाइल फादरांच्या नाकासमोर धरला. फादरांनी चष्मा कपाळावर चढवून निरखून पाहिलं.

"बाक आहे."

"आणि मागच्या रविवारी?"

"बाकच."

"त्याच्या आधीच्या?"

फादरांनी उगाच मेणबत्त्या सरळ करायला घेतल्या.

चर्च ओस पडत चाललं होतं. तरुण मंडळी सगळी मोबाइलमध्ये, तर आपणही तिथे जाऊ, असं कमिटीत ठरलं आणि इन्स्टाग्रामचं खातं उघडून फादरांच्या गळ्यात मारण्यात आलं. फादर दर रविवारी इमानेइतबारे एक फोटो टाकायचे. मागून दुसरा बाक, त्याची कडेची रिकामी जागा आणि त्या जागेवर पसरलेली हिरवी शाल. तोही तिरका. लाइक बोटांवर मोजण्याइतके. एक फादरांचा स्वतःचा. एक फर्निचरच्या दुकानाचा, बाक दिसला की तो हजर. एक कुठल्याशा खात्याचा, ज्याला ना धड नाव ना चेहरा. शेवटी कमिटीने हात टेकले आणि खातं ताईकडे आलं. तिच्या बेकरीचे केक फोटोंवरच तर खपत होते.

बाक परवडला, पण त्या शालीने ताईचं डोकं फिरायचं. शाल तिच्या आईची होती.

ताईचा धाकटा भाऊ लहानपणापासून उशिरा येणारा. पहिलं गाणं सुरू झालं की मागच्या दाराने हळूच शिरायचा, शाल उचलून मांडीवर घ्यायचा आणि आईला चिकटून बसायचा. म्हणून आई आधीच जागा धरून ठेवायची. मग त्याची नोकरी गेली, तो प्यायला लागला. बाबा गेल्यावर त्यांच्या प्रार्थनासभेला झोकांड्या खात आला, तेव्हा ताईने त्याला पायऱ्यांवरच अडवलं. "तुला इथे जागा नाही," असं चारचौघांत सुनावलं. तो आल्या पावली परत गेला. गाव सोडलं, नंबर बदलला. त्याला तीन वर्षं झाली. आई अजून दर रविवारी शाल टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "येतोयच तो."

अर्धं चर्च रिकामं, आणि ही बाई जागा धरून बसलीय! ताईला हसावं की रडावं कळत नसे.

"तुझ्या आईची तेवढीच एक फर्माईश आहे गं," फादर मेणबत्त्यांकडे बघत म्हणाले. "न जाणो, कुठून तरी बघत असेल, म्हणते."

"तो कसला बघतोय! बघायची इच्छा असती तर एक फोन नसता केला? फादर, तुम्ही तिला नादी लावताय. आणि चर्चमध्ये माणसं येतात की शाली, हे लोकांना कळायला नको?"

पुढच्या रविवारी ताईने पदर खोचला. विखुरलेल्या लोकांना उठवून आईच्या बाकाच्या आसपास आणलं. खिडकीतला उजेड नेमका आईच्या बाकावर पडत होता. गावात नव्याने आलेलं डॉक्टर जोडपं आपल्या जुळ्या मुलींना घेऊन दारात उभं होतं. ताईने त्यांना थेट तिथे नेलं आणि शाल उचलली.

"अगं, तिथे—" आई म्हणाली.

"आई, बास आता! एक दिवस कुणाला जागा दिलीस तर काही बिघडत नाही."

तिने शालीची घडी करून आपल्या पिशवीत कोंबली. आई मुकाट्याने आत सरकली. एक जुळी तिच्या मांडीवर चढून बसली. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आईने एकदा मान वळवून दाराकडे पाहिलं. ताईने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि फोटो काढला.

फोटो झकास आला. दुपारपर्यंत लाइकचा नुसता पाऊस. कमिटीच्या अध्यक्षांनी स्वतः फोन करून "ताई, मानलं तुम्हाला!" म्हटलं. फर्निचरवाला मात्र फिरकला नाही. संध्याकाळी ताई मोबाइल नाचवतच आईच्या खोलीत शिरली.

"बघ! भरलेलं दिसतंय की नाही चर्च? इतके दिवस घसा कोरडा करून हेच सांगत होते."

आईने फोटो लांब धरून पाहिला. जुळ्यांना पाहून हसलीसुद्धा.

"छान आलाय," ती म्हणाली. "माझी शाल दे."

"देते गं! शाल, शाल, शाल! तीन वर्षांत आला का तो?" ताईचा आवाज चढला. "कुणासाठी चाललंय हे?"

आईने नुसता हात पुढे धरून ठेवला. ताई पिशवीत हात घालून शाल उपसत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. चर्चच्या खात्यावर निरोप आला होता. तेच ते खातं, ना धड नाव ना चेहरा. आता ह्याला काय हवंय, असं पुटपुटत तिने निरोप उघडला.

"फादर, आज शाल दिसली नाही. माझी जागा दिली का कुणाला?"