कडुनिंबावरची पाटी

"आधी ही पाटी वाचा. मग काय ते इतिवृत्त वाचा."

हेमाताईंनी पुठ्ठा टेबलावर आपटला, तशी स्नेहदीप सेवा क्लबची गुरुवारची बैठक जागच्या जागी थांबली. अध्यक्ष आप्पासाहेबांनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"ही झाडे केवळ फोटोसाठी लावली आहेत. कृपया पाणी घालून त्यांची सवय बिघडवू नये."

मागच्या खुर्चीवरून फुस्सकन हसू आलं. हेमाताईंनी वळून पाहिलं. खराडीच्या ऑफिसातून थेट आलेली ऋचा घाईघाईने पाणी प्यायला लागली.

"हसताय काय? क्लबची अब्रू गेली! माझ्या फाटकासमोरच्या कडुनिंबाला बांधली होती. सकाळी पूजेची फुलं काढायला गेले, तर समोर ही."

"फारच वाईट झालं," सुरुची म्हणाली. "तुम्ही आलात हे मात्र बरं झालं हो, ताई."

हेमाताईंचे यजमान श्यामराव गेले त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून हेमाताई बैठकीला फिरकल्या नव्हत्या. सकाळी फाटकापर्यंत फुलांना जायचं आणि परत देवघरात यायचं, एवढंच त्यांचं जग. वारज्याच्या त्या रस्त्यावरची झाडं म्हणजे श्यामरावांचं क्लबमधलं शेवटचं काम. उन्हात उभं राहून त्यांनी एकेक खड्डा खणून घेतला होता. आता माना टाकलेली ती झाडं खिडकीतून रोज दिसायची. खाली उतरून बादलीभर पाणी घालावं, एवढं बळ मात्र अंगात येत नव्हतं.

"मग काय करायचं म्हणता?" आप्पासाहेबांनी विचारलं. "माझे गुडघे हे असे. सुरुचीच्या घरी नातवंडं. ऋचाला ट्रॅफिकच सोडत नाही. मी म्हणतो, महापालिकेला सांगून झाडं काढूनच टाकू. पाटीचाही प्रश्न मिटला."

"काढून टाकू?" आरतीतही कधी वर न चढणारा हेमाताईंचा आवाज छताला लागला. "उद्यापासून मी बघते. कोण काढतंय तेही बघते!"

तेवढ्यात बटाटेवडे आले. हेमाताईंचा गुरुवारचा उपास. त्यांच्यापुढे साबुदाणा वड्यांची गरम बशी आली. रागाच्या भरात त्यांनी ते सगळे संपवले आणि वर दही मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडांना पाणी घातलं. दोन दिवस अंग दुखलं म्हणून त्या गेल्या नाहीत, तर लगेच नवी पाटी.

"आज एकादशी नाही. तरी झाडास निर्जळी उपास का?"

हेमाताईंनी घरून खडू आणला आणि खाली लिहिलं, "उपास झाडाला नाही, तुमच्या जिभेला हवा."

मग काय, जुगलबंदीच लागली. दर आठवड्याला वरून टोमणा यायचा, खालून उत्तर जायचं. फिरायला निघालेली माणसं थांबून वाचायची. पाटीवाला मोठा हुशार असावा. ओळखू येऊ नये म्हणून दर वेळी तो 'ळ' निराळ्याच वळणाचा काढायचा.

हेमाताईंचा पहिला संशय दत्तोबांवर. रस्ता झाला तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं, आता कोपऱ्यावर त्यांची भाजीची गाडी असायची.

"दत्तोबा, खरं सांगा. पाटी तुमची ना?"

"मला कुटं येतंय असलं शुद्ध लिवाया?" दत्तोबा कोथिंबिरीवर पाणी मारत हसले. "आन् कुनाला बघितलं आसंल तरी सांगनार न्हाई. लई मजा हाय वाचायला. पायजे तर पान्याचा पाइप न्या माझा."

हेमाताईंनी पाइप घेतला. मग माणसंही घेतली. रविवारी ऋचाला झोपेतून उठवून झाडांभोवती आळी करायला लावलं. सुरुचीच्या नातवंडांना एकेक झाड वाटून दिलं. बैठकीत आप्पासाहेबांची उलटतपासणी केली, "गुडघे दुखतात ना? मग खुर्ची टाकून बसा आणि पाइप धरा." सगळे हसले. हेमाताईही हसल्या, आणि आपण हसलो हे घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. समईची वात सारताना त्यांनी श्यामरावांच्या फोटोला सगळं सांगितलं, टोमण्यांसकट.

झाडांना पालवी फुटली. आणि एका आठवड्यात पाटीच आली नाही.

"दमला वाटतं पाटीवाला," आप्पासाहेब जांभई देत म्हणाले. "आता आपणही दमायला हरकत नाही."

हेमाताईंनी बोटांवर महिने मोजले. पुढे अख्खा उन्हाळा होता. टोचणारं कुणी नसलं की ही मंडळी पुन्हा वड्यांवर येणार, झाडं पुन्हा माना टाकणार. रात्री जपाची माळ खाली ठेवून त्यांनी देवाची क्षमा मागितली, पुठ्ठा घेतला आणि मुद्दाम वाकडा 'ळ' काढून लिहिलं, "पाटीवाला दमला असेल. दमलेली झाडे कोठेही आढळलेली नाहीत."

गुरुवारी उजाडायच्या आत पाटी पदराआड धरून त्या फाटकाबाहेर आल्या.

कडुनिंबापाशी कुणीतरी स्टुलावर उभं राहून दोरी बांधत होतं. गुडघे अगदी ताठ होते.

"आप्पासाहेब! तुम्ही? पाटीवाले तुम्ही?"

स्टूल डगमगलं. "हळू हो, वहिनी. पडलो असतो. मी एकटाच कशाला? आज माझी पाळी. मागच्या वेळी सुरुचीची होती, तिला जागच आली नाही."

"पाळ्या लावल्यात? अख्ख्या क्लबने? झाडांसाठी एवढं नाटक? आणि मलाच पत्ता नाही!"

"झाडांना आम्ही पाणी घातलंच असतं हो." आप्पासाहेबांनी दोरीची गाठ नीट आवळली आणि सावकाश खाली उतरले. "तुम्ही घराबाहेर पडेनात, म्हणून बैठकीत ठराव केला होता. एकमताने मंजूर झाला. तुम्ही तेवढ्या गैरहजर होतात."