एका चुकीला किती शेळ्या

"त्या जुन्या नियमात, चुकून झालेल्या पापाचं काय करायचे हो?" औषधवालीने विचारलं. चर्चच्या फरशीवर गुडघे टेकून ती ब्रश घासत होती. मान काही तिने वर केली नाही.

पाळकसाहेब पुढे उभे राहून आपले कागद जुळवत होते. चार रविवार ते बायबलातल्या लेवीयाच्या पुस्तकावर बोलत होते आणि चार रविवार मंडळी जांभया देत होती. कुणी आपणहून काही विचारील ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती.

"शेळी," ते म्हणाले. "साध्या माणसाने बळी द्यायला शेळी आणायची. निर्दोष, धडधाकट."

"एका चुकीला किती?"

"एकच."

"आणि मग?"

"मग काय? क्षमा झाली, माणूस घरी गेला."

"दुसऱ्या दिवशी परत आणायची?"

"कशाला? मिटलं की ते." पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवले आणि तिच्या बादलीकडे पाहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना कळलं.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या दुकानातून शेजारच्या मावशींना भलत्याच गोळ्या गेल्या होत्या. नावात एका अक्षराचा फरक. मावशींना भोवळ आली, त्या जिन्यात पडल्या आणि खुबा मोडला. "तू काय मुद्दाम केलंस का?" असं सगळ्या गल्लीने तिला सांगून झालं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. तिने गोड सोडलं, चहा सोडला, दुपारची झोप सोडली. दर रविवारी उपासनेआधी येऊन ही फरशी घासायला लागली. मावशींच्या घराची पायरी तेवढी चढली नाही.

"म्हणजे मुद्दाम केलं नाही तरी ते पापच," ती म्हणाली.

"पापच. आणि तरीही संपतं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या चुकीला चूक म्हटलं होतं, आणि कसं कोण जाणे, तिला बरं वाटलं.

"आपल्याला तर ती शेळीही आणायची नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आपल्यासाठी जो क्रुसावर गेला तो एकदाच गेला, तेवढ्यावर भागलं. तू मात्र दर रविवारी एक आणतेयस. एव्हाना कळप संपला असेल, बाई."

तिला हसू फुटलं, आणि मागोमाग डोळेही भरून आले.

दाराशी वॉकर खडखडला. मावशी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"फरशी ओली ठेवून माझा दुसराही खुबा मोडायचा बेत आहे का?" त्या म्हणाल्या. "तीन रविवार झाले. येते, पाणी बघते आणि पायरीवरून परत जाते. खुबा मोडला माझा आणि सेवा चाललीय फरशीची. रोग रेड्याला, औषध पखालीला."

औषधवाली धडपडत उठली. कोरडं फडकं घेऊन तिने दारापासून शेवटच्या बाकापर्यंत वाट पुसून काढली, मग मावशींना धरून हळूहळू आणलं आणि बसवलं.

"मावशी, माझी चूक पदरात घ्या," ती म्हणाली. आठ महिन्यांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं.

"ती केव्हाच घेतली गं. पण सांगायला तू दिसायला तर हवीस."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती मावशींच्या शेजारी मटकन बसली. पाळकसाहेब उगाचच कागद पुन्हा जुळवायला लागले.

मावशींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या.

"चष्मा घरीच राहिला बघ," त्या म्हणाल्या. "यातली सकाळची कुठली?"

औषधवालीने पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरल्या. नाव एकदा वाचलं. पुन्हा, अक्षरं सुटी करून वाचलं. मग एक गोळी काढून मावशींच्या तळहातावर ठेवली.

मावशींनी ती न बघताच गिळली. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लोंबत होता.