टी-पेशी का आल्या नाहीत?

पीएच.डी.च्या खुल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "उंदरांच्या फुप्फुसात फ्लूचा विषाणू होता, मग टी-पेशी लढायला का आल्या नाहीत?"

प्रश्न शर्वाणीच्याच प्रयोगाबद्दल होता. उत्तर तिला पाठ होतं: काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथीत जातात, तेव्हा तिथल्या टी-पेशी जाग्या होतात. तिनं औषध देऊन ही वाटच अडवली होती. पण शब्द फुटेना.

मागच्या रांगेतून तिचे वडील उठले. ते बार्शीचे निवृत्त पोस्टमन होते आणि तिची तालीम रोज ऐकत होते.

"अहो साहेब, टपालच पोचलं नाही, तर त्या बिचाऱ्या निघतील कशा?"

सगळे हसले. शर्वाणीही हसली आणि घडाघडा बोलत सुटली.

शेवटी परीक्षक म्हणाले, "उत्तम! पदवी दोघांपैकी कुणाच्या नावानं लिहू?"

"तिच्याच," वडील म्हणाले. "मला पेन्शन आहे."