ऐंशी तास

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या देवळात गणपतीचं जेवण चाललं होतं. मठ्ठ्याचा घोट घेत मी तावातावानं म्हणालो, “अमेरिकेचं बरोबर आहे. महिन्याला ऐंशी तास कामाचा पुरावा द्या, मगच सरकारी उपचार! इथंही तेच हवं.” मसालेभात वाढणाऱ्या मनीषाताई ऐकत होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर नुकत्याच आल्या होत्या, नोकरी नव्हती. महिन्याभरानं त्या माझ्या क्लिनिकमध्ये आल्या. बसायच्या आधीच त्यांनी कागद पुढे सरकवला. देवळात भांडी घासल्याचे ऐंशी तास, तारखांसकट. खाली सेक्रेटरींचा सही-शिक्का. “हे कशाला?” “तुम्हीच म्हणालात ना, डॉक्टर? मला वाटलं, इथंही तो नियम आला असेल.” “अहो, इथं असा नियम नाही! काय होतंय?” त्यांनी मफलर सोडला. मानेवर लिंबाएवढी गाठ होती. “गणपतीच्या आधीपासून. तास भरेपर्यंत थांबले.” कागदावरची पहिली तारीख त्याच जेवणाची होती. माझं ताट त्यांनीच घासलं होतं.